प्रश्न आले, विचारणारा आला नाही



संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे एका कवितासंग्रहाचं परीक्षण मागितलं होतं. ते मी पुढच्या अंकाला देतो. या वेळी मी एका फॉर्मचं परीक्षण करणार आहे. हसू नका. आपल्या वस्तीत कविता किती जणांनी वाचली असेल कोण जाणे. पण फॉर्मनं तारलेला नाहीतर फॉर्मनं मारलेला माणूस मात्र घरटी एक सापडेल. ज्या लिखाणावर माणूस आत जाणार की बाहेर राहणार हे ठरतं, ते लिखाण समीक्षकानं का वाचू नये? समीक्षा काय फक्त ज्ञानपीठवाल्यांचीच करायची?

फॉर्म न्यूयॉर्कचा आहे. साल १९६१. त्याचं नाव मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट. लुई श्वाइत्झर नावाचा एक पैसेवाला गृहस्थ होता. पोरं गुन्हा शाबित झाला म्हणून नाही, तर जामिनाला पैसे नाहीत म्हणून महिनोन्‌महिने जेलात सडतात, हे त्याला कळलं आणि तो हादरला. हर्बर्ट स्टुर्झ नावाच्या एका मासिकाच्या संपादकाला त्यानं हाताशी धरलं. दोघांनी व्हेरा फाउंडेशन काढलं. ध्यानात ठेवा, कामाला लागलेला माणूस वकील नव्हता, संपादक होता. याकडे मी नंतर येणार आहे.

त्यांनी केलं काय? पकडलेल्या माणसाला कोर्टापुढं उभं करण्याआधी कायद्याचा एक विद्यार्थी कोठडीत जाऊन त्याला मोजके प्रश्न विचारायचा. राहतोस कुठं? किती दिवसांपासून? घरात कोण कोण? काम काय करतोस, कधीपासून? मागं शिक्षा झालीय का? मग तो विद्यार्थी फोन करून, नाहीतर कोर्टात आलेल्या नातेवाइकाला गाठून उत्तरं खरी आहेत का ते तपासायचा. प्रत्येक उत्तराला गुण. पाच गुण भरले आणि शहरातला पत्ता असला की न्यायाधीशाकडे शिफारस जायची: याला पैसे न घेता, शब्दावर सोडा.

पहिल्या वर्षी त्यांनी दोन गट पाडले. सोडण्यालायक माणसं दोन्हींत सारखीच. एका गटाची शिफारस न्यायाधीशापुढं ठेवली, दुसऱ्याची मुद्दाम दाबून ठेवली. शिफारस गेली त्यातले शंभरात ६० सुटले. जी दाबली त्यातले १४. माणसं तीच, गुन्हे त्याच तऱ्हेचे, न्यायाधीशही तेच. फरक एका कागदाचा आणि तो कागद घेऊन उभ्या राहिलेल्या पोराचा. आणि सुटलेले पळाले का? मुद्दाम तारखेला न आलेले शंभरात दोनाच्या आत. पैसा भरून घेतल्याशिवाय माणूस परत येत नाही, हा कोर्टाचा शेकडो वर्षांचा समज एका फॉर्मनं खोटा पाडला. १९६६ साली अमेरिकेत केंद्राचा नवा जामीन कायदा आला, तो याच वाटेनं.

म्हणून हा फॉर्म मी मोठं लिखाण मानतो. आता त्याचे दोष.

*

आपल्याकडे पैसे न भरता, स्वतःच्या सहीवर सुटण्याला शब्द आहे 'जातमुचलका'. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मी दचकलो होतो. म्हटलं, इथंही जात? मग कळलं, ही जात अरबी-फारसीतून आलेली. जात म्हणजे स्वतः. 'जातीनं हजर राहा' यातली. म्हणजे जातमुचलका म्हणजे माणसानं स्वतःच स्वतःचा जामीन व्हायचं. किती सुंदर कल्पना. पण इथं ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच जातीनं मोजलं, त्याचा स्वतःचा शब्द कोर्टात किती वजनाचा? त्याला जामीनदार मागतात. जामीनदाराकडं सातबारा मागतात. जमीन नाही त्याला जामीन नाही. एका वेलांटी-मात्रेचाही फरक नाही, फक्त एक काना, आणि त्या कान्यात माणूस अडकून पडतो.

न्यूयॉर्कचा फॉर्म सातबारा मागत नाही. तो मागतो 'मुळं'. समाजात तुझी मुळं किती खोल गेलीत? आणि मूळ कशाला म्हणतात तो? एका पत्त्यावर बरीच वर्षं. एका कामावर बरेच महिने. एका छपराखाली कुटुंब. आता सांगा, हे कुणाचं वर्णन आहे? पगारदार, भाडेपावतीवाल्या माणसाचं. पालावर राहणाऱ्याची मुळं नसतात का? सहा महिने कारखान्याच्या तळावर आणि सहा महिने गावात राहणारं ऊसतोडीचं जोडपं बिनमुळाचं? पुलाखाली वीस वर्षं काढलेली म्हातारी? ज्यांना १८७१ च्या कायद्यानं जन्मानं गुन्हेगार ठरवलं, गावोगाव हाकललं, आणि १९५२ साली तो कायदा गेल्यावरही पोलीसपाटलाच्या वहीत ठेवलं, त्यांना विचारायचं की बाबा तुझा कायमचा पत्ता काय? ज्यांनी उपटलं तेच विचारतात, मुळं कुठायत.

न्यूयॉर्कमध्येही हेच झालं. काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांतली पोरं आज मावशीकडं, उद्या मित्राकडं झोपणारी. त्यांना गुण कमी पडायचे. शिवाय काही गुन्ह्यांना सुरुवातीला फॉर्मच लागू नव्हता. आणि सत्तेला ज्याची भीती वाटते त्याला तर कुठलाच फॉर्म लागू नसतो. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ज्यांच्यावरून पँथर हे नाव घेतलं, त्या न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथर्सवर १९६९ साली कटाचा खटला भरला. एकवीस जण. बहुतेकांचा जामीन माणशी एक लाख डॉलर. काहींसाठी लोकांनी पैसे जमवले, बाकीचे आतच. १९७१ च्या मे महिन्यात, खटला चालला ते तेराही जण सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटले. तेव्हा त्या शहरात आपला हा फॉर्म आठ-दहा वर्षांचा झाला होता.

आणि अगदी अलीकडचं. २०१० साली ब्रॉंक्समध्ये कलीफ ब्राउडर नावाच्या सोळा वर्षांच्या पोराला दप्तराची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून धरलं. जामीन तीन हजार डॉलर. घरच्यांना जमला नाही. पुढं तर जामीनच नाकारला. सुमारे तीन वर्षं तो रायकर्स बेटावरच्या जेलात, त्यातला बराच काळ एकांत कोठडीत. खटला चाललाच नाही, २०१३ साली आरोप मागं घेतले. २०१५ साली त्यानं जीव दिला. त्याच्या मरणानंतर ते शहर हाललं.

*

हाललं म्हणजे काय केलं, ते वाचण्यासारखं आहे. २०१६ पासून न्यूयॉर्कनं शहरभर एक कार्यक्रम चालवला आहे. जेलात टाकण्याऐवजी आरोपीला घरी सोडायचं आणि त्याच्यामागं एक माणूस द्यायचा. त्याला तिकडं केस मॅनेजर म्हणतात. संस्था तो चालवतात, खर्च शहर करतं. २०२० च्या नव्या कायद्यानंतर तो आणखी पुष्कळ गुन्ह्यांना खुला झाला.

म्हणजे १९६१ चा विद्यार्थी प्रश्न विचारून निघून जायचा. हा केस मॅनेजर जात नाही, निकालापर्यंत राहतो. तारखेच्या आधी फोन करतो. कोर्टाची कुठली खोली ते सांगतो. माणूस बेघर असेल तर निवाऱ्याची, दारूत बुडाला असेल तर उपचाराची, बेकार असेल तर कामाची वाट दाखवतो. ठरल्या दिवशी भेटतो. आणि कोर्टाला अहवाल देतो.

इथं मामला नाजूक होतो. जो मदत करतो तोच अहवाल देतो. एका हातात फोन, एका हातात शिट्टी. म्हणून या कार्यक्रमात खरी परीक्षा केस मॅनेजरची नाही, त्याच्या वर जो प्रमुख बसतो त्याची आहे. एकेकाकडं किती माणसं द्यायची, हे तो ठरवतो. वीस माणसं दिली तर केस मॅनेजर नावं ओळखतो. शंभर दिली तर नंबर ओळखतो. कोर्टात जाणारा प्रत्येक कागद आधी त्याच्या हाताखालून जातो. म्हणजे तो संपादकच. आता स्टुर्झची आठवण करा.

समजा, एक बांधकाम मजूर ठरलेल्या दिवशी भेटीला आला नाही. केस मॅनेजर दोन तऱ्हांनी लिहू शकतो.

एक: "आरोपी सहकार्य करीत नाही. बेजबाबदार आहे."

दुसरी: "आरोपी मंगळवारी आला नाही. मुकादम सुट्टी देत नव्हता. बुधवारी सकाळी कामावर जाण्याआधी स्वतः ऑफिसात आला. पुढची तारीख त्याला माहीत आहे."

पहिलं वाक्य वाचून न्यायाधीश वॉरंट काढतो. दुसरं वाचून तारीख देतो. दोन्ही खरीच म्हणता येतील. पण पहिल्यात माणूस नाही, विशेषण आहे. दुसऱ्यात विशेषण नाही, घडलेलं आहे. आपल्या साहित्यावर प्रस्थापित समीक्षकांनी हेच केलं ना? आक्रस्ताळं, एकसुरी, प्रचारकी. विशेषणं फेकली आणि आत काय घडलंय ते वाचलं नाही. जो प्रमुख आपल्या हाताखालच्यांच्या अहवालातली विशेषणं खोडून 'काय झालं ते लिही, का झालं ते विचारून ये' म्हणतो, तो माणसं वाचवतो. त्याला मी चांगला समीक्षक म्हणतो.

तो आणखी दोन गोष्टी पाळतो. गुन्हा केलास का, हे केस मॅनेजरनं विचारायचंच नाही. ते काम कोर्टाचं. आणि मदतीची सक्ती करायची नाही. माणूस अजून गुन्हेगार ठरलेला नाही. त्याला सुधारायचा परवाना तुम्हाला कुणी दिला? आपल्याला सुधारायला निघालेल्यांचा अनुभव आपल्याला कमी नाही.

ही शिस्त सुटली की पर्याय म्हणजेच दुसरा जेल होतो. अमेरिकेतच काही ठिकाणी आरोपीच्या घोट्याला यंत्र बांधतात आणि त्या यंत्राचं रोजचं भाडंही त्याच्याचकडून वसूल करतात. भिंत नाही, पण बेडी आहे, आणि बेडीचं बिल आहे. आपल्याकडंही ती हवा येते आहे. गूगल मॅपवर आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहा, अशा अटीवर जामीन दिल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२४ च्या जुलैमध्ये न्यायालयानं ती अट रद्द केली. बरं झालं. पण अशी अट सुचणं हेच सांगतं की 'लक्ष ठेवा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आई पोरावर लक्ष ठेवते, मुकादम मजुरावर लक्ष ठेवतो.

साध्या भाषेची ताकद किती, त्याचंही एक उदाहरण तिथलंच. किरकोळ गुन्ह्यांत कोर्टात बोलावणारा न्यूयॉर्कचा कागद असा होता की तारीख कुठं लिहिलीय ते शोधावं लागे. तो बदलला. तारीख-जागा वर आणली, आलं नाही तर काय होईल ते सरळ सांगितलं. २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणं नुसत्या त्या बदलानं गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. फोनवर आठवणीचा संदेश पाठवल्यानं २१ टक्क्यांनी. लोक पळत नव्हते हो. लोकांना कागद कळत नव्हता.

*

आता घरी येऊ.

१९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. दंडाधिकाऱ्यानं त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ जामीन राहायला तयार, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कान उपटले. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनआरा खातून खटल्यात बिहारच्या जेलांतले कच्चे कैदी देशापुढं आले. आरोपाला जेवढी शिक्षा त्याहून जास्त दिवस आत काढलेली माणसं. त्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी आपल्या या मॅनहॅटनच्या फॉर्मचं नाव घेतलं. पैशाविना सोडलेली माणसं परत येतात हे तिथं दिसलंय, म्हणाले. आणि दंडाधिकाऱ्यांनी काय काय पाहावं याची यादी दिली: राहण्याची मुदत, काम, कुटुंब, आधीचा गुन्हा, ओळख देणारी माणसं. यादी जवळजवळ तीच.

म्हणजे प्रश्न न्यूयॉर्कहून दिल्लीला आले. पण विचारणारा आला नाही.

कोठडीत उतरून प्रश्न विचारणारा पोरगा, फोन करून खात्री करणारा, तारखेची आठवण देणारा, अहवालातलं विशेषण खोडणारा प्रमुख, यांतलं एकही पद आपल्या कोर्टात निर्माण झालं नाही. परिवीक्षा अधिकारी आहेत, १९५८ च्या कायद्यानं. पण त्यांचं मुख्य काम दोष शाबित झाल्यावर सुरू होतं. मधल्या काळात, आरोपी असताना, माणूस एकटा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' १९९० पासून जेलात आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्यकर्ते पाठवतो. ते काम मोलाचं आहे. पण एवढ्या मोठ्या राज्याला असल्या कामाचे किती हात पुरतील?

विचारणारा नसला की काय होतं ते मी पाहिलंय. आमच्या वस्तीतल्या एका पोराला मारामारीत धरलं. जामीन झाला. घरात पेढे वाटले. पण जामीनदार मिळेना. कोर्टाबाहेर भाड्याचे जामीनदार उभे असतात, त्यांचा दर परवडेना. पोरगं दोन महिने आत, जामीन होऊन. सुटला तो कर्ज काढून. पुढची तारीख त्याला कुणी नीट सांगितली नाही. त्याची आई कोर्टात गेली, पट्टेवाल्याला म्हणाली, "सायेब, तारीख कवाची हाय?" तो म्हणाला, "वकिलाला विचार." वकिलाचा फोन लागेना. तारीख गेली, अजामीनपात्र वॉरंट निघालं. कागदावर लिहिलं होतं: 'आरोपी फरार.' फरार पोरगं समाजमंदिराच्या पायरीवर बसलं होतं.

विशेषण, दोस्तहो. पुन्हा एक विशेषण.

२०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या जेलांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन. कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १६.६ टक्के. हिशेब तुम्हीच करा.

कायदे झाले नाहीत असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्यानं जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं, एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले चालू असतील तर नाही. आता ज्या वस्तीत चोरी कुठंही झाली तरी तीच चार पोरं उचलतात, तिथं एकच केस असलेला सापडणार कुठं? २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, जामिनासाठी पैशाची मदत. सर्वोच्च न्यायालयाचे २०२३ च्या जानेवारीतले आदेश आहेत: जामीन होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. म्हणजे आमच्या वस्तीतल्या पोराचे दोन महिने आज बेकायदा ठरावेत. ठरतील का? कुणी विचारलं तर.

*

माझ्या परीक्षणाचा निष्कर्ष असा. फॉर्म चांगला, पण अपुरा. त्यातला 'कायमचा पत्ता' खोडून 'तुला निरोप कुणाकडं दिला तर पोचेल?' असं लिहावं. 'नोकरी किती वर्षं' खोडून 'खाडा झाला तर कोण ओरडतं?' असं लिहावं. 'प्रतिष्ठित व्यक्तीची ओळख' खोडून 'रात्री-अपरात्री तुझ्या हाकेला कोण येतं?' असं लिहावं. मुळं अशी शोधतात. आणि हे प्रश्न ज्याला विचारता येतील तो विचारणारा बाहेरून येणार नाही. त्याला पालावरची भाषा यावी लागते.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलंय. मोर्चाला पोरं जमवणं तुम्हाला येतं. एक वही घालायला काय हरकत आहे? वस्तीतले कोण कोण आत आहेत, कुठल्या कोर्टात, पुढची तारीख कधी, जामीन होऊन किती दिवस झाले. आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं, सकाळी सोबत जायचं. विधी सेवा प्राधिकरण २००९ पासून विधी स्वयंसेवक नेमतं, त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. अर्ज करा, ओळखपत्र घ्या, आत शिरा. एकानं वही सांभाळायची, आणि त्यानं इतरांचं लिहिलेलं तपासायचं. 'नालायक', 'व्यसनी', 'ऐकत नाही' असं कुणी लिहिलं की खोडायचं आणि लिहिणाऱ्याला परत त्या घरी पाठवायचं.

आणि आपल्यातल्यांनाही जपा. वही हातात आली की आपलाही मुकादम होतो. ज्या दिवशी वस्तीतला माणूस तुम्हाला बघून गल्ली बदलेल, त्या दिवशी वही दुसऱ्याकडं द्या.

आमच्या वस्तीतली वही मागच्या महिन्यात सुरू झाली. अकरा नावं आहेत. येत्या सोमवारी दोन तारखा आहेत. मला रविवारी संध्याकाळी दोन घरी जायचंय, म्हणून इथं थांबतो.

जयभीम.